वाळूतल्या झिऱ्यापासून नळाच्या तोटीपर्यंत

१८८४ च्या फेब्रुवारी महिन्यात रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने कलकत्त्याहून आपल्या सरकारला कळवले, की पटकीचा जंतू सापडला आहे. रोग्यांच्या आतड्यात तर तो दिसलाच, पण ज्या तळ्याचे पाणी ती माणसे पीत होती त्या तळ्यातही दिसला. पुढच्याच महिन्यात, मार्च १८८४ मध्ये, पुण्याच्या सायन्स कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडलेला एक कानडी तरुण मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाला. कॉखना त्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्यानेही त्या दिवसांत कॉखचे नाव ऐकले असेल असे वाटत नाही. पण एकाने रोगाचे मूळ दाखवले आणि दुसऱ्याने पुढची चोवीस वर्षे, सक्करपासून धारवाडपर्यंत आणि सुरतेपासून एडनपर्यंत, गावोगाव त्या मुळावर इलाज करणारी बांधकामे उभी करण्यात घालवली.

त्या तरुणाचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला त्यांच्या नावाने इंजिनिअर दिन साजरा होतो, शाळेत त्यांच्यावर धडा असतो, आणि त्या धड्यात कृष्णराजसागर धरण असते, म्हैसूरचे दिवाणपद असते, भारतरत्न असते. दोन मेणबत्त्यांची गोष्ट असते, रेल्वेच्या रुळाचा आवाज ऐकून गाडी थांबवल्याची गोष्ट असते. या गोष्टी इतक्या वेळा सांगून झाल्या आहेत, की त्यांच्याखाली मूळ माणूस झाकून गेला आहे. मला त्यांचे आधीचे आयुष्य अधिक मोलाचे वाटते. ते बरेचसे आपल्या भागात गेले आणि त्यातला मोठा वाटा नळ, विहिरी, गटारे आणि पाट असल्या, कोणी गौरवग्रंथ काढणार नाही अशा कामांत गेला.

मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव म्हैसूर संस्थानातले, चिक्कबळ्ळापूरजवळचे. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित. ते लवकर गेले. घरात विद्या होती, पैसा नव्हता. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना या मुलाने एका घरच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन आपली सोय लावली, १८८१ मध्ये बी. ए. केले आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून पुणे गाठले. १८८३ मध्ये परीक्षेत पहिला आला. त्या काळी पहिल्या येणाऱ्याला इलाख्याच्या खात्यात नोकरी हमखास असे. शिष्यवृत्ती म्हैसूरची आणि चाकरी मुंबईची, असा तो योग होता. पहिली नेमणूक नाशिकला झाली आणि तिथून लवकरच खानदेशात.

खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन तुकडे १९०६ मध्ये पडले. कचेऱ्या सगळ्या धुळ्याला. जळगाव, भुसावळ रेल्वेवर आलेली होती, पण धुळ्याला गाडी नव्हती. चाळीसगावहून येणारा फाटा १९०० साली सुरू झाला. तेव्हा साहेब असो की साहेबाचा मदतनीस, धुळ्याच्या पुढे घोडा, नाहीतर बैलगाडी. साक्री तालुक्यात दातर्ती नावाचे गाव आहे. तिथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाटाचे पाणी पलीकडे नेण्याचे काम या नवख्या इंजिनिअरकडे आले. त्याला सायफन म्हणतात. पाट वाहत वाहत एखाद्या ओढ्याशी आला की दोनच मार्ग असतात. एक तर ओढ्यावरून पूल बांधून पाणी पलीकडे न्यायचे, नाहीतर ओढ्याच्या तळाखालून नळ टाकायचे. अलीकडची पातळी पलीकडच्यापेक्षा थोडी उंच ठेवली की पाणी नळात उतरते, तळाखालून जाते आणि आपल्याच दाबाने पलीकडे वर चढते. वर ओढा वाहत असतो, खाली पाट वाहत असतो, आणि दोघांची भेट होत नाही.

कागदावर हे सोपे आहे. नदीच्या पात्रात चर खणून त्यात नळ बसवायचे असतात, आणि पांझरा ही सह्याद्रीतून उतरणारी नदी आहे. उन्हाळ्यात ती पार वाळून जाते आणि पावसाळ्यात पिंपळनेरकडे ढग फुटला की खालच्या गावाला कळायच्या आत येऊन जाते. काम सुरू झाले आणि पाऊस लागला. खणलेले चर वाळूने आणि गाळाने भरू लागले. विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवले, की हे काम आता थांबवावे आणि पावसाळा संपल्यावर पुरे करावे. सल्ला शहाणपणाचा होता. वरिष्ठांना तो आवडला नाही. नव्या माणसाने कामातून अंग काढून घेऊ नये, अशा अर्थाचे खरमरीत उत्तर आले. सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही ते पत्र न वाचताच वाचल्यासारखे वाटेल. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. ते भर पावसात पुन्हा कामाला भिडले. मध्येच नदीला पूर आला, परतीची वाट बंद झाली, आणि ते काठावर अडकून पडले. पण सायफन पुरा झाला, आणि ज्यांनी कान उपटले होते त्याच साहेबाने नंतर चांगला शेराही दिला.

याच पांझरेवर त्यांना आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली, आणि माझ्या मते ती सायफनहून मोठी होती. ती म्हणजे फड. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि नाशिककडे मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून गावकऱ्यांनी चालवलेले बंधारे आहेत. नदीत आडवी भिंत, तिच्या एका टोकाने निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या आणि त्याखाली भिजणारी सगळी जमीन तीन किंवा चार फडांत वाटलेली. एका फडात त्या वर्षी एकच पीक. ऊस तर सगळ्यांचा ऊस, हरभरा तर सगळ्यांचा हरभरा. पुढच्या वर्षी पिके फिरतात. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते, म्हणून कोणा एकाची चंगळ होत नाही आणि कोणी एकटा कोरडाही राहत नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखण करायला जागल्या. मजुरी धान्यात. माझी बँकेतली काही वर्षे साक्री भागात गेली. विहिरीच्या कर्जाचे प्रस्ताव घेऊन हिंडताना मी हे फड पायी पाहिले आहेत. सात-बाराचे उतारे पाहून चक्रावून जायला होई, की या माणसाची जमीन अशी तुकड्या-तुकड्यांनी चार ठिकाणी का? एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने मला बांधावर बसवून काठीने मातीत रेघा ओढून ते समजावले, तेव्हा लक्षात आले की ते तुकडे हीच त्या व्यवस्थेतली विम्याची पॉलिसी होती.

आता पंधरा वर्षे पुढे जाऊ. १८९९ मध्ये विश्वेश्वरय्या पुण्याला पाटबंधाऱ्यांचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. नीरा कालव्याचे दुखणे असे होते, की पाऊस बरा झाला तर शेतकरी पाणी मागत नसत आणि अवर्षण पडले की सगळेच एकदम मागत. जे कालव्याच्या तोंडाशी होते ते उसाला वाटेल तितके पाणी पाजत. जमिनी दलदलीच्या होत, हिवतापाला आमंत्रण मिळे, आणि शेपटाकडच्या गावांना कालवा फक्त नकाशात दिसे. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. प्रत्येक गावात ठराविक जमिनीचा गट ठरवायचा, त्या गटाला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, गटात ऊस आणि इतर पिके फिरवायची आणि पाणी अधिक गावांत वाटायचे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, सगळे भांडवल चार बड्या खातेदारांना न देता चाळीस लहानांना द्यायचे आणि वसुलीही सांभाळायची. आधी ओरड झाली, वर्तमानपत्रांतून टीका झाली. त्यांनी शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या, समजूत घातली, आणि पद्धत रुजली. पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात तिचे श्रेय त्यांच्या नावावर आहे आणि ते योग्यच आहे. पण पांझरेचे फड पाहिलेल्या माणसाने ब्लॉक पद्धत काढावी, हा निव्वळ योगायोग आहे असे मला म्हणवत नाही.

धुळ्यात मात्र त्यांच्या नावावर जरा जास्तच जमा झाले आहे. धुळ्याच्या सरळ रेषेतल्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या विश्वेश्वरय्यांनी आखल्या, असे अनेक धुळेकर अभिमानाने सांगतात. छापूनही येते. प्रत्यक्षात पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये खानदेशात आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणे केले, व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या आणि नवी पेठ सरळ रस्त्यांनी आखली. विश्वेश्वरय्यांचा तेव्हा जन्मही व्हायचा होता. थोर माणसाला दुसऱ्याच्या पुंजीची गरज नसते. दातर्तीचे काम त्यांचे आहे, तेवढे पुरे आहे.

१८९४-९५ मध्ये त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवण्यात आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिकडच्या उन्हाच्या धास्तीने अधिकारी बदली टाळत. गाव सिंधू नदीच्या काठावर, पाण्याला तोटा नाही, पण पाणी कसे, तर चहासारखे. नदीतून उपसून ते टेकडीवरच्या टाकीत चढवायचे ठरले होते. ते गाळणार कसे हा प्रश्न होता. गाळण्याच्या हौदांचा खर्च म्युनिसिपालिटीला झेपणारा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. नदीचे पाणी वाळूच्या थरांतून झिरपून त्या विहिरीत यायचे, ते स्वच्छच यायचे, आणि तेच पंपाने वर चढवायचे. वाळूच्या गाळणीला पैसे पडत नव्हते, कारण ती नदीनेच हजारो वर्षे अंथरून ठेवली होती.

खानदेशी वाचकांना हे वाचताना काय आठवेल ते मला माहीत आहे. झिरा! उन्हाळ्यात नदीची धार तुटली की बायका वाळूत हातभर खड्डा करत, पहिले गढूळ पाणी वाटीने उपसून टाकत, आणि मग आत जे नितळ पाणी साठे ते वाटीवाटीने हंड्यात भरत. माझी आजी पावसाळ्यातही वाहत्या धारेचे पाणी भरत नसे. काठाच्या वाळूतला झिराच उकरायची. तिला जंतू ठाऊक नव्हते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावाने दोन महिने झिऱ्यांवर काढले. सक्करच्या विहिरीत इंजिनिअरने वेगळे काय केले? झिऱ्याला दगडी बांधकाम दिले, पंप दिला, टाकी दिली आणि हजारो माणसांच्या घरापर्यंत नळ दिला. हे लहान काम नव्हे. आजीचा झिरा एका घराची तहान भागवी आणि दुसऱ्या दिवशी वाळूने बुजून जाई.

नदीकाठच्या वाळूला एवढे महत्त्व का, हे युरोपलाही तेव्हा नुकतेच उमगत होते. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात पटकीने हजारो माणसे गेली. एल्ब नदीचे पाणी ते न गाळता पीत होते. शेजारचे, भिंतीला भिंत लागून असलेले अल्टोना तीच नदी पीत होते, पण वाळूतून गाळून. तिथे साथ फारशी शिरली नाही. पटकीचा देवीच्या कोपाशी संबंध नाही आणि दूषित हवेशीही नाही, हे या दोन गावांनी शास्त्रज्ञांच्या वादात कायमचे सिद्ध केले. आपल्याकडे मात्र मरीआईचा गाडा गावच्या शिवेबाहेर ढकलणे चालूच होते. पुढचे गाव तो आणखी पुढे ढकली. आणि खरेच, साथ गाड्याबरोबरच पुढे जाई. गाड्याच्या मागून जाणारी माणसे वाटेतल्या विहिरींवर पाणी पीत होती. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरण्यातून नारू होई, तो वेगळाच. नारूचा देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. ज्यांनी पायातून काडीवर गुंडाळून तो दोरा ओढताना पाहिला आहे, त्यांनाच पाण्याच्या नळाची खरी किंमत.

सक्करहून विश्वेश्वरय्या सुरतेला आले. सुरत म्युनिसिपालिटीची पाणीयोजना पुरी करायची होती, आणि इथेही तोच मार्ग: तापीच्या पात्रातल्या वाळूतून झिरपलेले पाणी विहिरींत घेऊन शहराला पुरवायचे. बुऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशा करत आपल्या दारावरून गेलेली तापीच शेवटी सुरतेच्या नळात शिरली. हे १८९६ चे वर्ष. त्याच सप्टेंबरात मुंबईला मांडवी भागात प्लेग उघडकीला आला आणि वर्षभरात तो गुजरात, पुणे, खानदेश असा पसरत गेला.

प्लेगपुढे नळ हतबल होते, हे स्पष्ट सांगायला हवे. पटकी पाण्यातून येते. प्लेग उंदराच्या पिसवांतून येतो. पण १८९६ मध्ये हे कोणाला ठाऊक होते? पुण्यात गोरे सोल्जर घरांत शिरून सामान बाहेर काढत होते, भिंतींना चुना फासत होते, माणसांना छावणीत नेत होते. १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईत हाफकिन यांनी लस करून ती आधी स्वतःला टोचून घेतली. आणि घराघरांतून हुसकलेले, घाबरलेले उंदीर शेजारच्या आळीत जात होते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून पिसू दोषी ठरवली, पण त्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षे लागली. १९०५ पासून मुंबईत काम केलेल्या प्लेग कमिशनने ते पक्के केले. आपल्या कौलारू घरांच्या आढ्यात राहणारा काळा उंदीर माणसाच्या सर्वांत जवळचा शेजारी. कणगीत धान्य, वर उंदीर, खाली अंथरूण. धान्याची पोती आणि कापसाच्या गाठी यांच्याबरोबर उंदीर आणि पिसवा बाजारपेठेतून बाजारपेठेत जात. आपल्या खेड्यांतल्या माणसांना पुस्तकी ज्ञान नव्हते, पण घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, एवढे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून शोधून काढले होते. कमिशनच्या निष्कर्षाशी ते तंतोतंत जुळणारे होते.

आणि नळ आले म्हणून काम संपले नाही, ही गोष्ट विश्वेश्वरय्यांनी लवकर ओळखली. विहिरीवरून दोन घागरी आणणारे घर नळ आल्यावर दहा घागरी वापरते. त्या पाण्याने जायचे कुठे? गटार नसेल तर ते बोळात साचते, त्यात उकिरडा भिजतो, आणि उंदीर-घुशींना यापेक्षा अधिक काय हवे? १९०१ मध्ये त्यांना मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर नेमण्यात आले. इलाख्यातल्या गावांच्या पाणीयोजना आणि गटारयोजना तपासायच्या, नव्या आखायच्या. विजापूर, धारवाड, बेळगाव अशी एकेक गावे घेऊन ते हिंडत होते. पुढे उभ्या आयुष्यात त्यांनी पाणी आणि ड्रेनेज ही एकाच पानावरची दोन कलमे मानली. एक जमेचे आणि एक नावेचे. आपल्या बहुतेक नगरपालिकांनी जमेचे कलम मोठ्या समारंभाने लिहिले आणि नावेचे कोरे सोडले.

त्याचा दाखला याच सुरतेने दिला. १९९४ च्या सप्टेंबरात तापीला पूर येऊन गेला होता, सखल वस्त्यांत पाणी आणि चिखल साचला होता, मेलेली जनावरे पडून होती. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग दिसला होता. भूकंपानंतर सोडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असे त्याचे कारण तेव्हा दिले गेले. मग सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो माणसे चार दिवसांत शहर सोडून निघाली. सुरतेच्या मागांवर आणि गिरण्यांत आपली खानदेशी माणसे किती, हे सांगायला नको. लिंबायत, उधना म्हणजे अर्धा खानदेशच. ताप्ती लाइनच्या गाड्या टपापर्यंत भरून नंदुरबार, अमळनेर, जळगावला येत होत्या. मी तेव्हा ज्या गावच्या शाखेत होतो तिथे तोंडाला रुमाल बांधलेली मुले काउंटरवर उभी राहिली की आमचा कॅशियर नोटा चिमट्याने उचलाव्यात तसा उचलायचा. दुपारपर्यंत गावातल्या एकाही औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लीन उरले नव्हते. आलेल्यांना गावाने हाकलले नाही, पण पहिले काही दिवस त्यांच्या ओट्यावर कोणी चढलेही नाही. सुदैवाने साथ पन्नासएक मृत्यूंवर थांबली. पुढच्या वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि रस्ते यांच्यामागे लागून त्या शहराचा चेहरा दीड-दोन वर्षांत पालटून दाखवला. शंभर वर्षांपूर्वी जे शहर नळ घालून घेताना पाहिले होते, त्याचे उरलेले अर्धे काम तेव्हा झाले.

पुन्हा विश्वेश्वरय्यांकडे येऊ. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावाची साठवण वाढवायची होती. धरणाची भिंत उंच करण्याचा खर्च मोठा. त्यांनी सांडव्यावर स्वतः उभे राहणारे आणि स्वतः पडणारे दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत, उतरले की बंद होत. सुमारे आठ फूट जास्त पाणी मिळाले. त्यांनी त्या रचनेचे पेटंट घेतले, पण सरकारी कामावर असताना सुचलेल्या युक्तीवर सरकारकडूनच मानधन घेणे त्यांना पटले नाही. ते त्यांनी नाकारले. हे दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही बसले.

१९०६ मध्ये एडनची कामगिरी आली. तेही मुंबई सरकारच्याच ताब्यातले. खडकाळ बंदर, पाऊस जवळजवळ नाही, समुद्राचे पाणी उकळून थंड केलेले पाणी विकत घेणारी वस्ती. विश्वेश्वरय्या आत लाहेजच्या बाजूला गेले. डोंगरात पडलेला पाऊस कोरड्या दिसणाऱ्या नदीच्या वाळूखाली येऊन मुरतो, हे त्यांनी दाखवले आणि तिथे विहिरी घेऊन नळाने पाणी बंदरात आणण्याची योजना दिली. दातर्तीपासून निघालेला झिरा अरबस्तानात पोहोचला म्हणायचा. त्या कामाबद्दल कैसर-इ-हिंद पदक मिळाले.

तोवर ते सुपरिंटेंडिंग इंजिनिअर झाले होते, अनेकांच्या डोक्यावरून. पुढची पायरी चीफ इंजिनिअरची. ती नेटिव्ह माणसाला मिळणार नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. पेन्शनला पंचवीस वर्षे लागत. त्यांची पुरी व्हायची होती. त्यांनी १९०८ मध्ये सोडायचे ठरवले. सरकारने पेन्शन दिले. नोकरीत इतके उत्तम काम करून एक वर्ष आधी उठून जाणे, हे आमच्यासारख्या पेन्शनीच्या तारखेवर डोळे ठेवून बसणाऱ्यांना जमणारे नाही.

२८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदीला पूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. विश्वेश्वरय्या त्या वेळी परदेशात होते. निजाम सरकारने बोलावून घेतले. त्यांनी शहराच्या वर मुसी आणि ईसी नद्यांवर तलाव बांधायला सांगितले. पूर अडेल आणि तेच पाणी शहराला पिता येईल. उस्मानसागर आणि हिमायतसागर ते हेच. त्याच अहवालात शहराच्या ड्रेनेजची योजनाही होती.

म्हैसूरचे पर्व सर्वांना ठाऊक आहे. १९०९ मध्ये चीफ इंजिनिअर, १९१२ ते १९१८ दिवाण. धरण, विद्यापीठ, पोलाद कारखाना. १९१३ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने निघालेली म्हैसूर बँक माझ्या पिढीतल्या बँकवाल्यांना स्टेट बँक ऑफ म्हैसूर म्हणून परिचित. २०१७ मध्ये ती मोठ्या स्टेट बँकेत विलीन झाली. परंतु एक गोष्ट गौरवाच्या लेखांतून गाळली जाते. ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्यासाठी महाराजांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली, ती विश्वेश्वरय्यांना मान्य नव्हती. गुणवत्तेवर तडजोड होईल, असे त्यांचे मत. त्यांनी दिवाणपद सोडले. शाहू महाराजांनी १९०२ मध्येच कोल्हापुरात निम्म्या जागा राखून दाखवल्या होत्या. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही हे ज्यांना लख्ख दिसले, त्यांना शाळेच्या आणि कचेरीच्या शेपटाशी उभी असलेली माणसे तशी दिसली नाहीत. मतभेदावर खुर्ची सोडण्याचा करारीपणा मोठा, पण मत चुकीचे होते असेच मी म्हणेन.

त्यानंतरही ते चव्वेचाळीस वर्षे जगले आणि बहुतेक सगळी कामात गेली. मुंबईच्या तांत्रिक शिक्षणाची समिती, कराचीच्या म्युनिसिपालिटीचा हिशेब, भद्रावतीचा कारखाना, नियोजनावरची पुस्तके. कपडे कडक इस्त्रीचे, वेळ घड्याळाची, बोलणे मोजके. फार जवळचे असे त्यांना कोणी उरले नव्हते. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. त्याआधी तीनेक वर्षे, नव्वदी ओलांडलेली असताना, बिहारमध्ये गंगेवर पूल नेमका कुठे बांधायचा यावर वाद पेटला, तेव्हा केंद्र सरकारने त्यांनाच मध्यस्थ केले. जागा नकाशावर पाहून भागले असते. ते उन्हात तिथे गेले, काठ पाहिले, पात्र पाहिले आणि मोकामाची जागा पक्की केली. १९५९ मध्ये पंडित नेहरूंनी त्या पुलाचे उद्घाटन केले, तेव्हा विश्वेश्वरय्या बंगळूरला हयात होते. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचे नाव आहे. दातर्तीच्या बाजूला जाणे झालेच, तर पांझरेचे बंधारे आणि पाट तेवढे पाहून घ्या. फडांवर आता विहिरी आणि मोटारी आल्या आहेत, पण काही गावांत पाटकरी अजून पाळी लावतो.